मांडीवरची तपासणी

प्रश्न १. मुलाचं नाव आणि वय

नावाला वेळ लागला नाही. घरात, गल्लीत, कारखान्यात, सगळीकडे ती ठकी होती. कागदावरचं नाव कागदापुरतंच. वयाच्या रकान्यात मात्र आईनं आधी 'अडीच वर्षं' लिहिलं, मग ते खोडून 'एकतीस महिने' केलं. अडीच म्हणजे तीसच होतात, आणि वरचा एक महिना आपण दाबून ठेवतोय असं तिला वाटायला लागलं होतं.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. ठकी एका खुर्चीखाली बसून बुटाचा बंद काढत होती, लावत होती, काढत होती. समोर एक आजोबा होते, आणि त्यांच्या खिशातला चष्मा ओढणारं दीड वर्षांचं बाळ. दे. नको. गाडी. आबा. आणखी एक काहीतरी, बहुतेक चष्मा. पाच. आईनं मोजले. हल्ली कुठलंही लहान मूल दिसलं की ती आधी त्याचे शब्द मोजायची आणि मग त्याचं तोंड बघायची. ती पुन्हा कागदाकडे वळली.

प्रश्न २. मूल किती शब्द स्पष्ट बोलतं?

पेन टेकवलं, उचललं. पुढच्या प्रश्नावर गेली.

प्रश्न ३. मूल आपल्या गरजा कशा सांगतं?

हा सोपा होता. 'खुणांनी,' तिनं लिहिलं. 'सगळं सांगते.' आणि 'सगळं'खाली एक रेघ ओढली.

ती रेघ समजण्यासाठी या बाईचं घर आणि कारखाना दोन्ही समजायला हवेत. आणि ती दोन वेगळी ठिकाणं नव्हती, हीच तर अडचण होती.

कारखाना काचेच्या बाटल्यांचा. ती तपासणीच्या बाकावर बसायची. समोर पांढरा उजेड असलेला पडदा, पडद्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या, आणि त्यातली तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली, मान वाकडी झालेली बाटली हेरायची. केसाएवढा तडा तिला दिसायचा, म्हणून तिचं नाव पडलं दुर्बीण. नवरा पलीकडच्या भागात भट्टीवर. तिथे बाटल्या एकमेकींवर आपटण्याचा आवाज एवढा, की बोलणं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं. सगळे कानात बोळे घालायचे आणि हातांनी बोलायचे. मूठ वर म्हणजे पट्टा थांबवा. कपाळावर दोन बोटं म्हणजे मुकादम आला. हनुवटीखाली हात फिरवला म्हणजे पाणी. आणि बाकावर मांडीला मांडी लावून बसलेल्या बायकांची स्वतःची एक खूण होती, तिला त्या 'गुडघा देणं' म्हणत. हात कामात, डोळे पडद्यावर; मग वाईट बाटली दिसली आणि हाताच्या टप्प्यातून निसटली, की ज्या बाजूला ती चाललीय त्या बाजूच्या बाईला गुडघ्यानं हलकासा धक्का. ती बघायची आणि उचलायची. तोंड उघडायचं कामच नाही.

आणि घरी? दोन खोल्या. नवऱ्याला रात्रपाळी, हिला दिवसपाळी. दिवसा तो झोपलेला. तो उठतो तेव्हा सासूबाईंचा डोळा लागलेला. त्यांची झोप अशी, की पान हललं तरी मोडायची. म्हणजे त्या घरात चोवीस तासांत एक मिनिटही असं नव्हतं की कुणी झोपलेलं नाही. मग काय, कारखान्यातले हात घरी आले. ठकीनं जन्मल्यापासून तेच पाहिलं. चालायला लागायच्या आधी ती हनुवटीखाली हात फिरवून पाणी मागायची. केस विंचरायला घेतले की मूठ वर: पट्टा थांबवा! हा किस्सा दुर्बिणीनं बाकावर सांगितला तेव्हा बायका हसून हसून पडल्या होत्या. "घे की हिला पाळीवर," त्या म्हणाल्या. "मुकादमापेक्षा हुशार आहे."

कौतुकच होतं. भरल्या घरात शांतपणे वाढणारं शहाणं मूल.

प्रश्न ४. बोलण्याबद्दल किंवा ऐकण्याबद्दल शंका पहिल्यांदा कधी आली?

'अलीकडे.'

खोटं. सपशेल खोटं. शंका आली त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. ठकी एक वर्षाची झाली त्या सुमारास खिडकीत बसली होती, आणि दुर्बिणीनं मागून तिला हाक मारली होती, हळू, नेहमीच्या दबक्या आवाजात. एकदा. दोनदा. ठकी वळली नव्हती. बाहेर काहीतरी बघण्यासारखं असेल, असं म्हणून दुर्बीण पुढे झाली तर बाहेर फक्त भिंत होती.

त्या दिवशी तिनं स्वतःच तपासणी केली. स्वयंपाकघरात ठकीच्या पाठीमागे उभी राहिली आणि पातेलं सोडलं. ठकी दचकून वळली. नवराही उठला, सासूबाईही उठल्या, दोघांच्या शिव्या खाल्ल्या. पण दुर्बिणीचा जीव भांड्यात पडला. ऐकू येतं! पुढचं दीड वर्ष, भीती वाटली की ती काहीतरी पाडायची. ताटली. चपला. एकदा तर स्टूल. ठकी दर वेळी वळायची. मग दोन-तीन आठवडे बरे जायचे.

"अगं, आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात," सासूबाईंचं ठरलेलं होतं. "तुझ्या नवऱ्यानं चौथ्या वर्षी तोंड उघडलं. आता बघ, गप्प बस म्हणावं लागतं."

तो कुठे बोलत होता, हा प्रश्न दुर्बीण विचारायची नाही. रात्रपाळीवाला माणूस घरात जांभई देतो, तेवढंच.

शेवटी दवाखान्यात आणलं ते बाकावरच्या शेजारणीनं. तिला सगळे रेडिओ म्हणत. रेडिओची नात दोन वर्षांची. "आमची कालपासून 'मी नाही जाणार' म्हणायला लागलीय," रेडिओनं पाळी सुरू व्हायच्या आधी सांगितलं. "चप्पल घातली की सुरू: मी नाही जाणार, मी नाही जाणार! तुझी काय म्हणते गं?"

दुर्बिणीनं उत्तर शोधलं. खरोखर शोधलं. ठकीच्या एकतीस महिन्यांत एकही वाक्य सापडलं नाही. एकही शब्द, ज्याला शब्द म्हणता येईल. 'आ' होतं, 'मम' होतं, आणि एक 'ऊं' होतं, ते पिशवीलाही चालायचं आणि मांजरालाही.

रेडिओचं हसू मावळलं. "दुर्बीण," ती म्हणाली, "तुला केसाएवढा तडा दिसतो गं. हे कसं नाही दिसलं?"

दवाखान्यात आतून हाक आली.

कान तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, पण आवाज शाळेतल्या हेडबाईंचा. नवऱ्यानं नंतर त्यांचं नाव कानवाल्या बाई ठेवलं. त्यांनी आधी ठकीच्या कानात मऊ टोकाची एक नळी घालायला घेतली. मूल शांत बसलं तर यंत्र आपलं आपण कान मोजतं, असं म्हणाल्या. ठकीनं किंकाळी फोडली आणि मूठ वर केली. नळी खाली पडली. पुन्हा घेतली, पुन्हा मूठ, पुन्हा किंकाळी.

"राहू दे," कानवाल्या बाई म्हणाल्या. "आज दुसऱ्या पद्धतीनं बघू. तिला मांडीवर घेऊन आत बसा."

आतली खोली कपाटाएवढी. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, दार बंद झालं की स्वतःचा श्वास ऐकू येणारी. डाव्या कोपऱ्यात एक स्पीकर, उजव्या कोपऱ्यात एक, आणि दोन्हींच्या खाली काळ्या काचेची पेटी. मूल आवाजाकडे वळलं की पेटीत दिवा लागतो आणि आतलं अस्वल ढोलकं बडवतं. बक्षीस. बाई काचेपलीकडे यंत्राशी बसल्या.

"तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही," त्यांनी बजावलं. "बोट दाखवायचं नाही, मान वळवायची नाही, 'बघ बघ' करायचं नाही. दगड व्हायचं."

दुर्बीण दगड झाली. मान ताठ. नजर समोरच्या गादीवरच्या एका टाक्यावर. हात चुकून हलायला नकोत म्हणून तिनं खुर्चीच्या दोन्ही दांड्या घट्ट धरल्या.

डावीकडून, मोठा, जाड आवाज. वळली. अस्वल.
उजवीकडून, मोठा, जाड. वळली. अस्वल.
उजवीकडून, मध्यम. वळली.
डावीकडून, मध्यम, पण बारीक, शिट्टीसारखा. वळली.
डावीकडून, हळू, बारीक. वळली.
उजवीकडून, फार हळू, फार बारीक, डासाच्या पंखासारखा. वळली.
डावीकडून, तसाच. वळली.

एकही चुकली नाही. ठकी अस्वलाला खुणेनं 'अजून' म्हणत होती. काचेपलीकडे कानवाल्या बाईंनी अंगठा दाखवला, आणि दुर्बिणीच्या गालावरून पाणी वाहायला लागलं तरी ती दगडच राहिली, कारण तसं सांगितलं होतं.

कागदावर आलं: ऐकणं ठीक. बोलण्यासाठी घरी भरपूर बोला. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.

"मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई म्हणाल्या. "पण नाही. ह्यांना डॉक्टर हवा."

नवऱ्यानं कागद दोनदा वाचला, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि झोपायच्या आधी ठकीला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरला. मोठ्यानं. "आमची ठकी! आमची ठकी!" त्या घरात एवढा आवाज कितीतरी महिन्यांत झाला नव्हता.

दुर्बीण त्या रात्री मेल्यासारखी झोपली.

दुसऱ्या दिवशी बाकावर रेडिओ म्हणाली, "चेहरा बघ कसा झालाय, धुतलेल्या बाटलीसारखा! मी उगाच तुला घाबरवलं बाई."

"तू नसतीस तर मी गेले नसते, रेडिओताई."

"जाऊ दे गं. ठीक आहे ना? झालं तर."

भोंगा झाला. बोळे कानात गेले. पट्टा सुरू झाला, बाटल्या यायला लागल्या, एक, एक, एक. रेडिओ पलीकडच्या बाईकडे तोंड करून हातांनी कसलीतरी चहाडी करत होती. दुर्बिणीच्या डोळ्यांसमोरून एक बाटली गेली, मानेखाली तडा. डावा हात गुंतलेला होता. रेडिओचा हात आला आणि त्यानं बाटली उचलली.

रेडिओनं बाटलीकडे बघितलं तेव्हा ती आधीच तिच्या हातात होती.

दुर्बीण थबकली. रेडिओ पाठमोरी होती. तिला बाटली दिसली नव्हती. बोळे होते, म्हणजे काही ऐकूही आलं नव्हतं. मग तिला कसं कळलं? दुर्बिणीनं खाली बघितलं. तिचा स्वतःचा डावा गुडघा रेडिओच्या मांडीला टेकलेला होता.

तो तिनं उचलला नव्हता. म्हणजे उचलला होता, पण तिनं नाही. अकरा वर्षं उचलून उचलून तो आता कुणाला विचारत नव्हता.

गादीवरचा टाका. खुर्चीच्या दांड्या. मान ताठ, हात घट्ट. डावीकडून आवाज. उजवीकडून आवाज. आणि मांडीवर ठकी.

बाटल्या समोरून जात राहिल्या. तडे गेलेल्याही गेल्या असतील. रेडिओनं कपाळावर दोन बोटं लावली, पुन्हा लावली, आणि मग मुकादमच समोर उभा राहिला. त्याचं तोंड उघडझाप करत होतं. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत. ठकीला मांडीवर घेतलं, दोघींची तोंडं भिंतीकडे. कुठलाच आवाज नाही. काहीच नाही. तिनं डावा गुडघा उचलला, नखाएवढा.

ठकी डावीकडे वळली.

उजवा.

ठकी उजवीकडे वळली. मग दुर्बिणीकडे मान वर करून बघितलं आणि हातांनी विचारलं: अस्वल कुठाय?

"बघ कशी खेळतेय," मागून सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

खेळतेय, दुर्बिणीनं मनात म्हटलं. छान खेळतेय.

आता हे कुणाला माहीत नव्हतं. हे सगळ्यात भयंकर होतं. कागद नवऱ्याच्या खिशात होता, सासूबाई गल्लीभर सांगून आल्या होत्या, कानवाल्या बाईंनी अंगठा दाखवला होता. ती गप्प बसली तर पुढचे सहा महिने कुणी तिला काही विचारणार नव्हतं. सहा महिने घर असंच हसतं राहिलं असतं. आणि पातेलं तर आहेच, दचकतेच ना ती? मग ऐकू येत असेलही. गुडघा नसता तरी वळली असती. कदाचित.

कदाचित.

तीन दिवस ती या एका शब्दावर जगली. ठकीच्या मागे उभी राहून तिनं हळू हाक मारली. वळली नाही. लक्ष नसेल. पुन्हा मारली. वळली. पण दारातून सासूबाई आल्या होत्या, म्हणून वळली असेल. काही सांगता येत नव्हतं. तिच्या डोळ्याला काचेतला तडा दिसायचा, कारण पलीकडे उजेड असायचा. इथे पलीकडे काहीच नव्हतं.

चौथ्या दिवशी, पाळी बदलताना, तिनं नवऱ्याला फाटकाशी गाठलं. ती बाहेर पडायची, तो आत जायचा. दिवसातली त्यांची भेट ती एवढीच, सात-आठ मिनिटांची. भिंतीपलीकडून कारखाना धडधडत होता. सवयीनं तिचे हात वर आले. आणि तसेच राहिले. ह्याला खूण नव्हती. अकरा वर्षांत कुणाला लागलीच नव्हती.

"अहो, तपासणी खोटी आहे," ती ओरडून म्हणाली.

"काय?"

तिनं सांगितलं. बाक, बाटली, रेडिओचा हात, मांडी. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा आक्रसत चालला होता.

"तुला कुणी विचारलं का गुडघ्याचं?"

"नाही."

"कागदावर ठीक लिहिलंय. बाईंनी लिहिलंय. एवढं शिकलेली बाई मोठी की तू?"

"कागद माझ्या गुडघ्यानं लिहिलाय."

"सहा महिन्यांनी बोलावलंय ना? मग जाऊ की सहा महिन्यांनी! मी चार वर्षांचा होईपर्यंत—"

"तुम्हाला ऐकू येत होतं."

"तिलाही येतं! भांडं पडलं की दचकत नाही का? तुला काय, चांगलं झालेलं बघवत नाही?"

हे लागलं. त्यालाही कळलं की लागलं. आजूबाजूनं माणसं आत-बाहेर करत होती, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून गेलं. तो खाली बघत राहिला. मग, एवढ्या हळू, की तिला ते ओठांवरूनच वाचावं लागलं:

"तू सातव्या महिन्यापर्यंत त्या बाकावर बसत होतीस. पोटात असताना... त्या आवाजानं तर नाही ना काही—"

वाक्य तिथेच राहिलं. म्हणजे हे त्याच्याही डोक्यात होतं. तिला वाटत होतं, आपल्या एकटीच्याच आहे. दोघं एकमेकांपासून लपवत, एकाच गोष्टीला घाबरत, एकतीस महिने एका घरात राहत होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण मी उद्या जाणार."

भोंगा झाला. तो आत गेला.

सकाळी दवाखान्याच्या पायरीवर तो तिच्याआधी पोचला होता. पाळी संपवून सरळ आला होता, अंगाला भट्टीचा वास, डोळे लाल. तिला आणि ठकीला बघून म्हणाला, "आईला सांगितलं नाही मी. आधी आपण बघू."

कानवाल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुर्बीण खुर्चीत गुन्हेगारासारखी बसली होती. ओरडतील, हसतील, 'असं काही नसतं हो' म्हणतील. तिनं सगळ्याची तयारी केली होती. त्या उठल्या, टेबलाच्या खालच्या खणातून दोन मोठे हेडफोन काढले आणि ते समोर ठेवले.

"हे त्या दिवशी तुमच्या कानांवर घालायला हवे होते. आईला आवाज ऐकूच आला नाही, तर आई काही सुचवणार नाही. गर्दी होती, मी घातले नाहीत. गुडघा तुमचा, चूक माझी."

"मग आता?"

"आता तुम्ही बाहेर. माझ्या शेजारी."

मांडीवर घ्यायला दवाखान्यातली मदतनीस बाई बसली, कानांवर हेडफोन चढवून. ठकी थोडी कुरकुरली, पण समोर लाकडी ठोकळे ठेवल्यावर त्यांत गुंतली. काचेच्या अलीकडे तिघं. यंत्रावर एक लाल दिवा होता. आत आवाज सोडताना बाई तो कुठला ते सांगायच्या, आणि हा दिवा लागायचा. बाहेर मात्र तो आवाज ऐकू यायचा नाही. फक्त दिवा.

डावीकडून, मोठा, जाड. दिवा. वळली.

"बघ!" नवरा म्हणाला.

उजवीकडून, मध्यम, जाड. दिवा. वळली. अस्वल.

"बघ, बघ!" त्यानं दुर्बिणीचा दंड धरला.

उजवीकडून, मध्यम, बारीक. दिवा.

दिवा.

डावीकडून, मध्यम, बारीक. दिवा.

ठकीनं एक ठोकळा दुसऱ्यावर ठेवला.

उजवीकडून, मोठा, बारीक. दिवा. मान थोडी उचलली. नक्की नाही.

डावीकडून, हळू, बारीक. दिवा. दिवा. दिवा.

तिसरा ठोकळा. मनोरा तिला आवडला. तिनं मदतनीस बाईकडे बघून हातांनी काहीतरी म्हटलं, त्या बाईला ते कळलं नाही, आणि ठकी पुन्हा ठोकळ्यांकडे वळली. लाल दिवा लागत होता, विझत होता. दंडावरची नवऱ्याची पकड एवढी घट्ट झाली होती, की दुखत होतं. दुर्बिणीनं हात सोडवला नाही. काचेपलीकडे उजेड होता आणि आता तिला स्पष्ट दिसत होतं.

"जाड आवाज तिला येतात," कानवाल्या बाई म्हणाल्या. त्या तिघांना पुन्हा टेबलाशी घेऊन बसल्या होत्या. ठकी आईच्या पायाशी. "भांडं पडलं, दार आपटलं, कुणी खोकलं, ते सगळं येतं. बारीक येत नाहीत. आणि माणसाच्या बोलण्यात बारीक आवाज भरपूर असतात. तुम्ही बोलता ते तिला भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं. कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय ते नाही."

"आणि खुणा?" नवऱ्यानं विचारलं. "आम्ही घरात बोलतच नाही. त्यानं—"

"खुणांनी काही बिघडवलेलं नाही. खुणा होत्या म्हणून ती तुमच्याशी बोलते तरी. त्या सोडू नका. पण त्यांच्यामुळे तुम्हाला कळलं नाही, एवढं खरं."

दुर्बिणीला एकच विचारायचं होतं आणि त्याला तोंड फुटत नव्हतं. शेवटी नवऱ्यानंच अर्धंमुर्धं विचारलं, कारखान्याचं, पोटात असतानाचं.

"ते मला सांगता येणार नाही," कानवाल्या बाई म्हणाल्या. "आवाजानं झालं असं मी म्हणणार नाही, आणि नाहीच झालं अशी खात्रीही देणार नाही. बऱ्याचदा कारण सापडतच नाही. शोधत बसलात तर त्यात वर्ष जाईल, आणि आपल्याकडे तेवढं नाही."

"उशीर झाला का?" दुर्बीण म्हणाली.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"झाला," त्या म्हणाल्या. "वर्षाचं मूल हाकेला वळलं नाही तेव्हा आणायला हवं होतं. दीड वर्षाला मोजके शब्द नाहीत, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, तेव्हा तर नक्कीच. 'बोलेल हो, घाई काय' म्हणणारे नातेवाईक मला रोज बाहेरच्या खुर्च्यांवर भेटतात, त्यांचं मूल चार वर्षांचं असतं. तुम्हाला उशीर झालाय. पण तुम्ही आज आला नसतात तर जेवढा झाला असता, तेवढा नाही. झोपेत डोक्याला तारा लावून एक तपासणी करायची, पुढच्या आठवड्यात. मग कानात यंत्र. आठवड्यातून दोनदा इथे, बोलायला शिकवायला. किती येईल, कधी येईल, ते मी आज सांगत नाही."

"यंत्र कधी?"

"साचा आजच घेऊ. कानाच्या मापाचा बनवून यायला दिवस लागतात."

त्यांनी ठकीला उंच टेबलावर बसवलं. धाग्याला बांधलेला स्पंजचा छोटा तुकडा कानात आत सरकवला, आणि बोटांनी एक गुलाबी गोळा मळायला घेतला. गोळा बघून ठकीचे डोळे मोठे झाले. तिनं मूठ वर केली. थांबवा.

"धरा," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "डोकं हलायला नको. पाच मिनिटं, घट्ट होईपर्यंत. आणि तुम्ही समोर या. जवळ. तोंड उजेडात. बोला तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. आवाज काढून. ओरडायचं नाही, पण पुटपुटायचंही नाही."

गार गोळा कानात गेला. ठकीनं एक लांब 'आ' केला, आणि दुर्बिणीचे हात आपोआप वर आले.

"हात असू देत," बाई म्हणाल्या. "पण तोंडही."

दुर्बिणीनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. आयुष्यभर झोपलेल्या माणसांना जपून बोललेली बाई. एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात, पूर्ण आवाजात कुणाशी बोलायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची असते? ठकी तिच्याकडे बघत होती, घाबरून, थेट तोंडाकडे, जणू ते तोंड ती पहिल्यांदाच बघत होती.

"ठकी," दुर्बीण म्हणाली. आवाज चिरका निघाला. "ठकी. मी इथे आहे. हे... हे कानात काय घातलंय, गार लागतंय ना, गार, मलाही घातलं तर मलाही गार लागेल, बाबांनी धरलंय, बाबांचे हात काळे झालेत बघ, बाबा झोपलेच नाहीत, आणि तो तिकडे पंखा, पंखा फिरतोय, गोल गोल, आणि बाहेर एक झाड आहे, तू अजून बघितलं नाहीस, मी दाखवीन, खूप पानं आहेत, मग आपण खाली जाऊ, जिना उतरू, एक पायरी, दुसरी पायरी, मला खूप भीती वाटतेय ठकी, तुलाही वाटतेय, हो ना, आणि मग रस्ता येईल, आणि मग—"

तिचा श्वास संपला.

"अजून तीन मिनिटं," कानवाल्या बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "थांबू नका."